पाठीवरची पांढरी पट्टी

सात महिने आमच्या घरात एका शब्दाला बंदी होती. बंदी मीच घातलेली.

आईच्या छातीत गाठ निघाली. तपासणीचा कागद आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं आणि कॅन्सर हा शब्द उच्चारला. मी तेव्हा चोवीस वर्षांची. वडील मी शाळेत असतानाच गेलेले, भावंड नाही. डोंबिवलीत मानपाडा रोडच्या एका आतल्या गल्लीत दोन खोल्या, त्यात आई आणि मी. व्हरांड्यातून आईच्या बाकापर्यंत वीसेक पावलं असतील, तेवढ्यात मी ठरवून टाकलं की आईला सांगायचं नाही. साधी गाठ आहे, मशीनखाली शेक घ्यावा लागेल, बस. कल्याणला आईची थोरली बहीण राहायची, माझी मावशी. तिचं हृदय नाजूक, म्हणून तिलाही सांगायचं नाही.

एकदा लपवायला लागलं की माणूस त्यात पटाईत होतं. हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर तो शब्द हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेला, म्हणून मी आईला मागच्या दाराने, कपडे धुवायच्या हौदांच्या बाजूने आत न्यायची. आई बालवाडीची बाई होती. आयुष्यभर पोरांना अक्षरं शिकवलेल्या बाईला मी एका पाटीपासून लांब ठेवत होते! अक्कल गहाण ठेवलेली, दुसरं काय.

शेक घ्यायला जाताना घरापासून स्टेशनपर्यंत मी तिला सायकलवरून न्यायची. माझी जुनी लेडीज सायकल, मागे भक्कम कॅरिअर. आई दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायची आणि उजवा हात माझ्या कमरेवर ठेवायची. मी म्हणायची, "नीट बस गं." ती म्हणायची, "तू नीट चालव." दर खेपेला हेच.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरला क्लार्क होते. एक दिवस कॅन्टीनच्या फळ्यावर कागद लागला. कर्करोग संशोधनाच्या मदतीसाठी सायकल फेरी, ठाण्याहून कळवा, मुंब्रा, शीळ, डोंबिवली, कल्याण करत शहाडला नदीपर्यंत. ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करायच्या आणि रविवारी सकाळी सायकल मारायची. मी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. लपवण्यापलीकडे आईसाठी मी काहीच करत नव्हते, आणि ते मला आतून खात होतं.

आईला सांगितलं, कंपनीची सायकल शर्यत आहे.

"बक्षीस काय?" तिने विचारलं.

"माहीत नाही गं."

"स्टीलचा डबा असेल तर जोरात मार. पेला असेल तर जीव काढू नकोस."

मावशीचं घर फेरीच्या रस्त्यावरच, पत्रीपूल ओलांडून कल्याणात शिरलं की दुसऱ्या मजल्यावर. तिलाही निरोप धाडला की गॅलरीत उभी राहा, मी हात करीन.

शनिवारी सायकल कंपनीच्या शेडमध्ये ठेवून आलेले. रविवारी पहाटे निघाले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन झोपलेली. शेक घेऊन घेऊन तिला झोप लागत नसे, म्हणून उठवलं नाही. चादरही सरकवली नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्या चादरीने माझा जीव घेतला.

थंडीचे दिवस. शेडमध्ये पोचते तर मागचं चाक बसलेलं. वॉचमनचा पंप शोधण्यात वेळ गेला, आणि सुरुवातीच्या मैदानावर पोचले तेव्हा सगळे निघून गेलेले. पुढे लाऊडस्पीकर लावलेली जीप होती म्हणे, तीही गेलेली. टेबलापाशी माझ्याच वयाची एक मुलगी कागद आवरत होती. तिच्यापुढे कापडी पट्ट्यांचे दोन गठ्ठे, एक पांढरा, एक पिवळा.

"नाव नको, फक्त नातं सांगा," ती म्हणाली. "कोणासाठी चालवताय ते पाठीवर लावायचं."

"आई."

तिने मार्कर उचलला. मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "आजारी आहेत, की...?"

आणि थांबली. पुढचा शब्द तिलाही उच्चारवेना. आपल्याकडे कोण उच्चारतं? वास्तू तथास्तु म्हणते, असं ऐकतच आपण वाढतो. आणि इकडे माझी अवस्था अशी, की सात महिने आजारी हा शब्दसुद्धा मी गिळत आलेले. परक्या बाईसमोर तो बाहेर येईना. मी गप्प उभी राहिले आणि डोळे भरून आले. झालं! तिला वाटलं, मिळालं उत्तर. तिने हळूच पांढरी पट्टी उचलली, त्यावर मोठ्या अक्षरात 'आई' लिहिलं, माझ्या मागे येऊन सेफ्टी पिना लावल्या आणि खांद्यावर एक क्षण हात ठेवला. मला वाटलं, किती मायाळू पोरगी. रंगाचा काही अर्थ असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी टांग मारली आणि निघाले.

कळव्याच्या पुलावर धुकं इतकं, की खाडी दिसत नव्हती, फक्त चिखलाचा वास येत होता. पूल अर्धा झाला असेल आणि सायकल एकदम जड झाली. कॅरिअरवर कोणीतरी बसल्यावर होते तशी. ते ओझं मला पाठ होतं. पाय एका बाजूला असले की सायकल किंचित डावीकडे ओढते, तशीच ओढत होती. उतरले. चाक फिरवून बघितलं, ब्रेक घासत नव्हता, हवा टणक. कॅरिअर रिकामं. पुन्हा बसले, पुन्हा जड.

पुलाच्या पलीकडे कोळणी टोपल्या घेऊन येत होत्या. मी जवळून गेले तशा त्या बोलता बोलता गप्प झाल्या. त्यातल्या एका म्हातारीने टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघून हात जोडले.

"सांभालून जा गो बाय," ती म्हणाली.

मी मागे वळून बघितलं. मागे रस्ता आणि धुकं.

मग हे होतच राहिलं. मुंब्र्याला डोंगराखाली एका टपरीवर चारपाच टगे उभे होते. त्या काळी बाई सायकलवर दिसली की शिट्टी ठरलेली, मीही दोन शिव्या तयार ठेवलेल्या. एकाने शिट्टी मारायला तोंडात बोटं घातली सुद्धा. मी पुढे गेले, आणि शिट्टी आलीच नाही. वळून बघितलं तर सगळे सरळ उभे, एकाने डोक्यावरची टोपी काढलेली. खरं सांगते, शिट्टी आली असती तर बरं वाटलं असतं.

शीळच्या अलीकडे एक काका मला मागून गाठून बरोबर चालवू लागले. चहाला थांबल्यामुळे मागे पडलेले. छातीवर फेरीचा बिल्ला होता, म्हणून मला हायसं वाटलं. मग म्हणाले, "बाळ, एक विचारू? तुझ्या मागे आत्ता कोणी बसलेलं का? मला लांबून धुक्यात दोघी वाटल्या."

"नाही हो."

"मग धुकंच असेल," ते म्हणाले आणि पाय मारत पुढे निघून गेले. त्यांच्या पाठीवरची पट्टी पिवळी होती. तीवर 'मुलगा' लिहिलेलं. मी ते वाचलं, आणि तरीही काही सुचलं नाही मला. माझी पाठ मला कुठे दिसत होती?

डोंबिवली आली तेव्हा धुकं विरलेलं, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांची मालिका लागायची, त्या वेळात गावंच्या गावं ओस पडायची. प्रत्येक खिडकीतून तोच शंख, तोच आवाज. एका घरातला आवाज संपायच्या आत दुसऱ्या घरातला सुरू, जणू कोणी माझ्याबरोबर चालत बोलतंय. मानपाडा नाक्यावरून आमच्या गल्लीत डोकावून आईला बघून यावं असं फार वाटलं. पण उशीर झालेला. गेले नाही.

पत्रीपूल चढून उतरले. मावशी गॅलरीत उभी होती. मावशी ती मालिका सोवळ्यात बसून बघायची, भूकंप झाला तरी उठली नसती, पण माझ्यासाठी उठून आलेली. मी हात केला. पुढे जाऊन पुन्हा वळून हात केला. तर मावशीने कठडा घट्ट धरलेला, आणि पदर तोंडात कोंबलेला. मग ती आत गेली. मला वाटलं, दूध उतू गेलं असेल.

थोड्याच अंतरावर शाळेच्या मैदानात चहाकेळ्यांचा थांबा होता. जीप तिथे उभी. मी सायकल टेकवते तोच लाऊडस्पीकर बोलू लागला. "पिवळी पट्टी म्हणजे ज्यांच्या माणसावर उपचार चालू आहेत. पांढरी पट्टी म्हणजे ज्यांचं माणूस या आजाराने नेलं. पांढऱ्या पट्टीवाल्यांनी पुढे यावं, आपण एक मिनिट शांत उभं राहू." हेच तो ठाण्यापासून सांगत आलेला. रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीला ठाऊक होतं. एक मी सोडून.

शीळवाले काका माझ्याजवळ आले. "चल बाळ, पुढे हो. तुझी पांढरी आहे."

हात मागे नेऊन मी पट्टी ओरबाडली. पीन बोटात घुसली. पांढऱ्यावर काळ्या अक्षरात 'आई', आणि कडेला माझं रक्त. वीस-पंचवीस किलोमीटर मी माझ्या जिवंत आईला मेलेली म्हणून मिरवत आणलेलं! घरात अभद्र बोललं तर वास्तू ऐकते म्हणतात. मी तर ते अख्ख्या रस्त्याला वाचायला दिलेलं.

आणि मावशी! तिचं हृदय!

तशीच उलटी फिरले. मावशीच्या दाराला कुलूप. शेजारची बाई टीव्ही सोडून बाहेर आली आणि माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघत राहिली.

"अगं, तू इथे कशी? तुझी आई गेली ना! सगळे रिक्षा करून डोंबिवलीला गेले. तुला कोणी सांगितलं नाही?"

आता बघा, ही बातमी माझ्याच पाठीवरून उठलेली. खोटी आहे हे जगात फक्त मला माहीत. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकली मात्र, ती मलाच खरी वाटू लागली. कारण मला काय माहीत होतं? पहाटे मी चादर बघितली होती. आईचा चेहरा नव्हता बघितला. ती श्वास घेत होती का? आठवेना. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना.

सायकलवर बसले आणि दुसरी गोष्ट कळली. सायकल हलकी झालेली. कॅरिअरवर कोणी नव्हतं.

तो परतीचा रस्ता मी कसा कापला, मला सांगता येणार नाही. मालिका अजून चालूच होती, प्रत्येक खिडकीत कोणीतरी रडत होतं, आणि रडणं टीव्हीतलं की घरातलं ते कळत नव्हतं. मी मोठ्याने देवाची करुणा भाकत होते, मध्येच देवाला शिव्याही देत होते. मी स्वतःच्या हाताने केलंय हे, असं म्हणत होते. आई, मी बोलले नाही गं, नुसती गप्प बसले.

आमच्या दारासमोर चपलांचा ढीग. आपल्याकडे दारात एवढ्या चपला दोनदाच पडतात, आणि सत्यनारायण तर नव्हता. आतून हंबरडा येत होता. तो मावशीचा, मी ओळखला. मी उंबऱ्यावरच बसले. आत जायची माझी हिंमत झाली नाही.

"कोण, आली का ती?" आतून आवाज आला. "आत ये. माझ्यासाठी एवढी माणसं आलीयत, निदान चहा तरी टाक."

आई कॉटवर मांडी घालून बसलेली. केस विंचरलेले, वेणी अर्धी. मावशी तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होती, मावशीच्या सुना रडत होत्या, आमच्या चाळीतल्या चारपाच जणी पदराने डोळे पुसत होत्या. दार म्हणे आईनेच उघडलेलं. मावशी तिला बघून किंचाळली, एक पाऊल मागे गेली, मग तिच्या दंडाला चिमटा काढून बघितला, आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना.

"खोटी वार्ता उठली ना, आयुष्य वाढलं गं बाई," तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या. त्यांच्या गावाकडे कोणाच्या अंगाला कावळा शिवला, म्हणजे अपशकुन झाला, की मुद्दाम त्याच्या नातेवाइकांना मरणाची खोटी बातमी धाडायचे. माणसं रडली की आलेलं मरण फिरून जातं, अशी समजूत. "चांगलं झालं. आता बला टळली."

"मग थांबलात कशाला?" आई म्हणाली. "रडा अजून थोडं. कमी पडायला नको."

सगळ्या रडता रडता हसल्या. मी नाही हसले. आईने माझ्या मुठीतली पट्टी सोडवून घेतली, उलगडली आणि वाचली. मग मावशीकडे बघत म्हणाली, "ताई, हिने तुलाही नाही ना सांगितलं? मला कॅन्सर आहे."

तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि उच्चारला तिने.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मागच्या दाराने नेतेस तिथेसुद्धा पाटी आहे. तिथल्या चादरींवरसुद्धा छापलेलं असतं. मी बालवाडीची बाई आहे, बालवाडीतलं पोर नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या कष्टाने लपवत होतीस. म्हटलं, पोरीची मेहनत फुकट नको जायला." एवढं बोलून तिचाही आवाज फुटला. मग मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. मी सात महिने तिच्यापासून लपवलं, ती सात महिने माझ्यापासून लपवत होती, आणि दोन खोल्यांत आम्ही दोघी वेगवेगळ्या घाबरून जगत होतो. मला स्वतःचा भयंकर राग आला.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "कुठला रंग हवा होता?"

"पिवळा."

ती उठली. स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेतला, वाटीत पाणी घालून कालवली आणि पट्टी दोन्ही हातांनी चोळचोळून त्यात बुडवली. माझ्या रक्ताचा डागही त्यात गेला. ओलीच पट्टी माझ्या पाठीवर लावली, आणि तिचा उजवा हात क्षणभर माझ्या कमरेवर राहिला.

"शहाडपर्यंत होती ना? मग अर्ध्यात सोडून आलीस कशाला? जा, पुरी कर. आणि पुन्हा कोणी विचारलं तर तोंड उघडून सांग. तू मुकी राहिलीस म्हणून मी एकदा फुकट मेले."

मी गेले. नदीवर पोचले तेव्हा मंडप उतरवत होते. टेबलावरच्या माणसाने पट्टीला हात लावला, बोट पिवळं झालं, पण विचारलं काही नाही.

आई पुढे दोन वर्षं जगली. ती पट्टी खिडकीच्या गजाला बांधलेली असायची. हळद उन्हात टिकत नाही. पंधरावीस दिवसांत फिकी पडली की आई पुन्हा वाटी घ्यायची, पुन्हा बुडवायची. मी येताजाता त्या पट्टीचा रंग बघायची. शेवटच्या आषाढात ती पुरती पांढरी झाली, तेव्हा हळदीची वाटी मी घेऊन गेले. आईने पडल्या पडल्या बघितलं आणि म्हणाली, "राहू दे आता."

ती गेल्याचं सांगायला मी स्वतः कल्याणला गेले. मावशीचा विश्वासच बसेना. "पुन्हा कोणीतरी उठवलं असेल गं," ती म्हणाली, आणि उरलेला चहा शांतपणे संपवला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

त्या थंडीत मी फेरीला पुन्हा नाव दिलं. या वेळी सगळ्यांच्या आधी पोचले. टेबलावर तीच मुलगी होती. तिने मला ओळखलं नाही. मार्कर उचलला, आवाज खाली आणला. "आजारी आहेत, की...?"

"गेली," मी म्हटलं. "आई गेली. कॅन्सरने. पट्टी मी घरून आणलीय." मोठ्याने बोलले, मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेलं.

कळव्याच्या पुलावर तसंच धुकं होतं. जीप पुढे निघून गेली, बाकीचेही गेले, मी मुद्दाम मागे राहिले. पूल अर्धा झाला आणि सायकल जड झाली. किंचित डावीकडे ओढू लागली. या वेळी मी उतरले नाही, चाक तपासलं नाही, मागे वळूनही बघितलं नाही.

"नीट बस गं," मी म्हटलं, आणि नीट चालवू लागले.